मोटारीच्या फलकावरील लाल आणि पिवळे दिवे

पनवेल तालुक्यातील बेलपाडा हे खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेले जुने गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नव्या मुंबईची आखणी झाली आणि भातखाचरांच्या या परिसराचे रूप पालटत गेले. आज गावालगत शीव-पनवेल महामार्गावरून अहोरात्र वाहने धावतात. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या नवी मुंबई मेट्रोच्या पहिल्या मार्गावर बेलपाडा नावाचे स्थानकही आहे. मेट्रो आली तरी घरोघरच्या मोटारी कमी झालेल्या नाहीत. येथून निघालेली मोटार काही मिनिटांत कळंबोलीला पोहोचते, तेथून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला लागते आणि तासाभराच्या आतच बोरघाट चढू लागते. पावसाळ्यात पाणी साचणारा महामार्ग, ताशी १०० किलोमीटर वेगाची मुभा असलेला सपाट द्रुतगती मार्ग आणि तीव्र उताराचा घाट अशा तीन भिन्न परीक्षा एकाच फेरीत देणाऱ्या या मोटारींच्या ब्रेकची तपासणी कोण करते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

भाड्याने चालणाऱ्या वाहनांना कायद्याने ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी ही तपासणी होते. खाजगी मोटारीची गोष्ट वेगळी आहे. पनवेलच्या परिवहन कार्यालयात तिची एम.एच. ४६ या क्रमांकमालिकेत एकदा नोंदणी झाली की ती नोंदणी पंधरा वर्षे वैध राहते. या दीर्घ काळात तिचे ब्रेक शासनाचा कोणताही निरीक्षक पाहत नाही. धुराचे प्रमाणपत्र मध्यंतरी घ्यावे लागते, परंतु त्याचा ब्रेकशी काही संबंध नाही. पंधरा वर्षे दररोज, चावी फिरवताक्षणी, मोटारीची तपासणी करणारा एकच निरीक्षक आहे आणि तो चालकासमोरच्या फलकावर बसलेला आहे. चाकाच्या घसरणीचे, ब्रेकचे आणि मोटारीच्या तोलाचे जे लहान लहान दिवे तेथे असतात, त्यांची भाषा समजून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

ही भाषा अवघड नाही. दिव्यांवरील चिन्हे आय.एस.ओ. २५७५ या आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवून दिलेली आहेत, त्यामुळे मोटार कोणत्याही कारखान्याची असो, चिन्हे बहुधा सारखीच आढळतात. अडचण आहे ती त्यांचा अर्थ सांगणाऱ्या पुस्तिकेची. मोटारीसोबत मिळणारी ही जाडजूड पुस्तिका प्रायः इंग्रजीत असते आणि समोरच्या खणात प्लॅस्टिकच्या वेष्टनासह तशीच पडून राहते. लाखो रुपयांची मोटार घेणाऱ्या ग्राहकाला तिची पुस्तिका स्वतःच्या भाषेत मागण्याचा संकोच का वाटावा, हे कळत नाही.

पकड एकच, वाटेकरी तीन

दिव्यांकडे वळण्यापूर्वी टायर आणि रस्ता यांचे नाते ध्यानात घेतले पाहिजे. मोटार केवढीही मोठी असली तरी तिचे प्रत्येक चाक रस्त्याला साधारणपणे तळहाताएवढ्या जागेतच टेकलेले असते. अशा चार तळहातांवर तिचा सारा कारभार चालतो. रस्त्याची पकड मर्यादित असते आणि तिच्यावर तिघांचा हक्क असतो : पुढे जाणे, थांबणे आणि वळणे. एका पाटाच्या पाण्यावर तीन शेते भिजवायची असावीत, तसाच हा प्रकार आहे. एका शेताकडे बारे पूर्ण उघडले की दुसऱ्या शेताला पाणी उरत नाही. वळणावर जोराने ब्रेक दाबला तर सारी पकड थांबण्यातच खर्च होते, वळण्यासाठी काही शिल्लक राहत नाही आणि स्टिअरिंग कितीही फिरवले तरी मोटार सरळच जाते. पाऊस पडला की पाटातले पाणीच निम्म्यावर येते, असे समजावे.

वेगाचे गणित तर याहून कठोर आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी चांगल्या टायरची मोटार कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यावर साधारण १३ मीटरांत थांबते. ताशी १०० किलोमीटर वेगाला हेच अंतर सुमारे ५२ मीटर होते. चालकाच्या लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरला तर त्यात आणखी २८ मीटरांची भर पडते. रस्ता ओला असल्यास ही बेरीज ११० मीटरांपुढे जाते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसे रस्त्यांवरील अपघातांत दगावली आणि त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंच्या मुळाशी अतिवेग होता. हे आकडे वाचताना वरील गणित आठवल्यावाचून राहत नाही.

तीन मदतनीस

ही मर्यादित पकड वाया जाऊ नये म्हणून मोटारीत तीन यंत्रणा असतात. पहिली ए.बी.एस., म्हणजे चाके जखडू न देणारी ब्रेक यंत्रणा. प्रत्येक चाकाजवळ एक दातेरी किंवा चुंबकीय कडे आणि त्याचे फेरे मोजणारा सेन्सर असतो. जोराचा ब्रेक लागून एखादे चाक एकदम थांबू लागले, की यंत्रणा त्या चाकाचा दाब क्षणभर सोडते आणि पुन्हा देते. हे एका सेकंदात अनेक वेळा घडते. चाक घसरत न जाता फिरत राहते आणि त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही मोटार वळवता येते. पायाखालचे पेडल अशा वेळी थरथरते, खालून घरघर ऐकू येते. हा बिघाड समजून पुष्कळ चालक नेमक्या त्याच क्षणी पाय सैल करतात. वास्तविक पाय तसाच घट्ट रोवून ठेवणे आणि मोटार अडथळ्याच्या बाजूने वळवून नेणे, एवढेच काम त्यांच्याकडे उरलेले असते.

जुन्या चालकांची दुसरी सवय म्हणजे ब्रेक थांबून थांबून, पंपासारखा मारणे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या मोटारींवर ज्यांचा हात बसला, त्यांना ते शिकावेच लागे, कारण चाके जखडली की सोडवणारे दुसरे कोणी नव्हते. पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. सवय मात्र मागे उरली आहे. ए.बी.एस. असलेल्या मोटारीत ब्रेक असा पंपत राहिल्यास थांबण्याचे अंतर वाढते.

दुसरी यंत्रणा ट्रॅक्शन कंट्रोलची. चिखलात वा ओल्या चढावर एक्सिलरेटर दाबताच चाक जागच्या जागी गरगरू लागले, तर ती त्या चाकाला किंचित ब्रेक लावते आणि इंजिनाचा जोर कमी करते. तिसरी यंत्रणा या दोघींच्या खांद्यावर उभी आहे. तिला ई.एस.सी. किंवा ई.एस.पी. म्हणतात, म्हणजे मोटारीचा तोल सांभाळणारी यंत्रणा. स्टिअरिंग किती फिरवले आहे हे एक सेन्सर सांगतो, मोटार स्वतःभोवती प्रत्यक्षात किती वळत आहे हे दुसरा सांगतो. चालकाची इच्छा आणि मोटारीची कृती यांत तफावत दिसताच यंत्रणा एखाद्याच चाकाला ब्रेक लावून मोटार वळणात परत आणते. समजा, कळंबोलीच्या एखाद्या ओल्या वळणावर मोटारीची मागची बाजू बाहेर फेकली जाऊ लागली, तर वळणाच्या बाहेरच्या अंगाचे पुढचे चाक रोखले जाते. उलट, मोटार न वळता सरळ घसरू लागली तर आतल्या अंगाचे मागचे चाक रोखले जाते. एका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावणे कोणत्याही माणसाच्या पायाला शक्य नाही, कारण पेडल एकच आणि चाके चार.

या यंत्रणांचा इतिहास फार जुना नाही. जर्मनीत बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक ए.बी.एस. यंत्रणा १९७८ साली मर्सिडीजच्या मोटारीत प्रथम बसविण्यात आली. तोल सांभाळणारी यंत्रणा १९९५ मध्ये आली, तीही आरंभी महागड्या मोटारींपुरतीच. तिचा प्रसार झाला तो एका फजितीमुळे. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधील एका नियतकालिकाच्या चाचणीत, रस्त्यावर अचानक सांबरासारखे मोठे जनावर आले असे कल्पून मोटार झटकन डावी-उजवी वळविली असता मर्सिडीजची नवी, लहान ए-क्लास मोटार उलटली. कंपनीने मोटारीचे वितरण थांबविले आणि ही यंत्रणा त्या लहान मोटारीतही सरसकट दिली. त्यानंतर अन्य उत्पादकांना मागे राहणे कठीण झाले. एकट्याच मोटारीला होणारे जीवघेणे अपघात या यंत्रणेमुळे सुमारे निम्म्याने घटतात, असे अमेरिकेतील अभ्यासांत आढळून आले आहे.

आपल्या देशात प्रवासी मोटारींच्या नव्या प्रतिरूपांना एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून चालू असलेल्या प्रतिरूपांना एप्रिल २०१९ पासून ए.बी.एस. सक्तीचे झाले. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या सुरक्षा-मूल्यांकनात तीन वा अधिक तारे मिळवायचे तर तोल सांभाळणारी यंत्रणाही मोटारीत असावी लागते. तथापि त्यापूर्वीच्या असंख्य मोटारी आज रस्त्यावर आहेत. आपल्या मोटारीत यांपैकी काय आहे आणि काय नाही, हे चावी फिरवल्यावर उजळणाऱ्या दिव्यांवरून घरच्या अंगणातच समजू शकते.

पिवळा दिवा : लुकलुकणारा आणि स्थिर

चावी चालू स्थितीत येताच हे सर्व दिवे एकदम लागतात आणि काही सेकंदांत विझतात. ही हजेरी होय. जो दिवा हजेरीला लागलाच नाही, त्याच्याकडे लागलेल्या दिव्याहून अधिक संशयाने पाहावे.

मागे नागमोडी रेघा असलेली घसरती मोटार, हे तोल आणि पकड यांच्या यंत्रणेचे चिन्ह. त्याचा रंग पिवळा असतो. मोटार चालू असताना हा दिवा क्षणभर लुकलुकला आणि विझला, तर मोटारीत काहीही बिघडलेले नाही. यंत्रणेने नुकतेच काम केले, एवढाच त्याचा अर्थ. परंतु हा एवढासा अर्थ फार मोलाचा आहे. रस्त्याची पकड संपली होती, मोटार चालकाच्या हातून निसटू पाहत होती आणि ती सावरण्यात आली, असे तो सांगतो. हा निरोप मोटारीविषयी नसून चालकाच्या वेगाविषयी आहे. पुढील वळण अधिक तीव्र असेल, किंवा तेथे तेल सांडलेले असेल, तर सावरायला पकडच उरलेली नसेल. ओल्या घाटात हा दिवा दोनदा लुकलुकल्यावरही ज्याचा पाय एक्सिलरेटरवरून उचलला जात नाही, तो चालक नशिबावर हवाला ठेवून चालला आहे असे म्हणावे लागते.

हाच दिवा स्थिरपणे लागून राहिला, तर मदतनीस कामावर नाही असे समजावे. ए.बी.एस. ही अक्षरे असलेला पिवळा दिवाही तेच सांगतो. दोन्ही प्रसंगी साधे ब्रेक चालू असतात, मोटार थांबते. मात्र जोराचा ब्रेक लागल्यास चाके जखडतील, पद्मिनीच्या काळात जखडत तशीच. अशा स्थितीत पुढील वाहनापासून दुप्पट अंतर ठेवून, वेग आवरून, घाट आणि मुसळधार पाऊस टाळून गॅरेज गाठावे. ‘ब्रेक तर लागतो आहे’ असे म्हणून पावसाळाभर तो दिवा लावून हिंडणे योग्य नव्हे.

दोष पुष्कळदा किरकोळ असतो. चाकाजवळच्या सेन्सरवर चिखल किंवा ब्रेकची लोखंडी धूळ बसते. खाडीच्या खाऱ्या हवेत दातेरी कड्याला गंज चढतो. इमारतीखाली आठवडाभर उभ्या असलेल्या मोटारीच्या तारा उंदीर कुरतडतात, हा तर आपल्याकडचा नित्याचा अनुभव. बॅटरी क्षीण झाली तरी हे दिवे लागतात. चाकाचे बेअरिंग बदलताना त्यातील चुंबकीय कड्याची बाजू उलटी बसली, की नवेकोरे बेअरिंग असूनही दिवा विझत नाही आणि मालक सेन्सरवर सेन्सर बदलत बसतो. एका बाजूला वेगळ्या मापाचे टायर घातल्यास चाकांच्या फेऱ्यांचा हिशोब जुळत नाही. काही मोटारींत बॅटरीची जोडणी काढून पुन्हा केल्यावर तोलाचा दिवा लागून राहतो आणि थोडे अंतर चालविल्यावर आपोआप जातो.

याच चिन्हाशेजारी किंवा खाली रोमन लिपीत ‘ऑफ’ अशी अक्षरे दिसली, तर बिघाड नाही. कोणी तरी बटण दाबून यंत्रणा बंद केली आहे. हे बटण कशासाठी, असा प्रश्न सहज पडतो. मोटार चिखलात वा वाळूत रुतली असता ती बाहेर काढण्यासाठी चाके थोडी गरगरावी लागतात आणि यंत्रणा तर ती गरगरू देत नाही. तेवढ्यापुरते बटण दाबावे आणि मोटार बाहेर येताच पुन्हा दाबून यंत्रणा चालू करावी. बहुतेक मोटारींत इंजिन पुन्हा सुरू केल्यावर ती आपण होऊनच कामावर येते. यंत्रणा बंद ठेवल्याने मोटार अधिक ‘पळते’ हा तरुण चालकांत प्रचलित असलेला समज निराधार आहे.

लाल दिवा

वर्तुळात उद्गारचिन्ह आणि दोन्ही बाजूंना कंस, हा लाल दिवा साध्या, मूळ ब्रेकविषयी बोलतो. म्हणून त्याची प्रतवारीच निराळी. तो लागण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे ओढलेला हँडब्रेक. तो पूर्ण सोडल्यावर दिवा गेला तर प्रश्न मिटला. नाही गेला, तर मोटार सुरक्षित जागी उभी करून बॉनेट उघडावे आणि ब्रेक ऑइलच्या लहान पारदर्शक डब्यातील पातळी पाहावी. डब्यावर किमान आणि कमाल अशा दोन रेघा असतात.

पातळी किमान रेघेखाली जाण्यास दोनच कारणे संभवतात. ब्रेकचे पॅड झिजले म्हणजे ऑइल हळूहळू चाकांकडे उतरते आणि डब्यातली पातळी कमी दिसते. दुसरे कारण गळती. पहिल्यात काही आठवड्यांची सवड असते, दुसऱ्यात काही मिनिटांचीही नसेल. या दोहोंतील फरक न पाहता डबा वरपर्यंत भरून देण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. ती घातक आहे. दिवा विझतो, मालक संतुष्ट होतो आणि झिजलेले पॅड वा फुटलेली नळी तशीच राहते. डब्यात इंजिन ऑइल तर चुकूनही ओतू नये. त्याने ब्रेकमधील रबरी वायसर फुगतात आणि सारी यंत्रणा निकामी होते.

पेडल नरम लागत असेल किंवा दाबल्यावर हळूहळू खाली बसत असेल, तर मोटार एक पाऊलही पुढे नेऊ नये. ती ओढून किंवा वाहून न्यावी. आधुनिक मोटारीत ब्रेकच्या नळ्यांची दोन स्वतंत्र मंडले असतात. एक निकामी झाले तरी दुसऱ्यावर मोटार थांबते, परंतु पेडल खोल जाते आणि थांबण्यास अंतर फार लागते. या उरलेल्या अर्ध्या ब्रेकवर घाट उतरण्याचे धाडस कोणी करू नये.

सर्वांत गंभीर जोडी म्हणजे लाल दिवा आणि ए.बी.एस.चा पिवळा दिवा एकाच वेळी लागणे. पुढच्या आणि मागच्या चाकांना ब्रेकचा दाब योग्य प्रमाणात वाटून देणारी व्यवस्थाही बंद पडल्याचा हा इशारा असू शकतो. जोराने ब्रेक दाबताच मोटारीचा भार पुढे झुकतो आणि मागची चाके हलकी होतात. अशा वेळी मागची चाके आधी जखडली तर मोटार लट्टूप्रमाणे फिरते. ही जोडी दिसल्यास हळूहळू वेग कमी करून थांबावे आणि मदत बोलवावी. द्रुतगती मार्गावर थांबणे भाग पडले तर मोटार डाव्या कडेला पूर्ण घ्यावी, चारही इशाऱ्याचे दिवे चालू करावेत आणि सर्व प्रवाशांना उतरवून कठड्याच्या पलीकडे उभे करावे. मोटारीत बसून मदतीची वाट पाहणे हे मोटार चालवण्यापेक्षाही धोक्याचे ठरू शकते.

चालत्या मोटारीचे पेडल एकाएकी तळाला गेले तर ते भराभर मारत राहावे, कधीकधी दाब परत येतो. त्याचवेळी एकेक गिअर खाली आणावा. हँडब्रेक एकदम न ओढता, त्याची कळ दाबून धरून, थोडा थोडा ओढावा. बटणाचा हँडब्रेक असलेल्या अनेक मोटारींत ते बटण ओढून धरल्यास मोटार आवरत थांबते.

घाट, उष्णता आणि पाणी

बोरघाटातला उतार ब्रेककडून काय मागतो, हे एका हिशोबाने स्पष्ट होईल. माणसांसह १,५०० किलोग्रॅम वजनाची मोटार खंडाळ्याहून सुमारे ५०० मीटर खाली उतरते, तेव्हा जी ऊर्जा कुठे तरी जिरवावी लागते ती वीस-बावीस लिटर पाणी, म्हणजे अंघोळीची मोठी बादलीभर पाणी, उकळीला आणण्याइतकी असते. यातील काही भाग हवा खाते. मोटार खालच्या गिअरमध्ये असेल तर मोठा भाग इंजिन खाते. उरलेली सारी उष्णता ब्रेकच्या तबकड्यांत साठते. मोटार न्यूट्रलमध्ये टाकून उतरवली की इंजिन आपला वाटा उचलत नाही आणि भार एकट्या ब्रेकवर येतो. इंधन वाचवण्यासाठी इंजिनच बंद करणारे महाभागही आहेत. इंजिन बंद झाले की ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरचा साठा दोन-तीन दाबांतच संपतो, पेडल दगडासारखे कठीण होते आणि स्टिअरिंग जड होते. शिवाय चावी चालू आणि इंजिन बंद अशा अवस्थेत अनेक इशारादीप एकत्रच उजळलेले असल्याने खऱ्या इशाऱ्याचा दिवा त्यांत ओळखूही येत नाही.

ब्रेक ऑइलचा एक दोष येथे सांगितला पाहिजे, कारण त्याचा दिवा कोणत्याही मोटारीत नसतो. हे ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते. डॉट ४ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणी मुरल्यावरची किमान मर्यादा १५५ अंश धरलेली आहे. कोकणच्या दमट हवेत दोन-तीन पावसाळे पाहिलेले ऑइल घाटातील उष्णतेने उकळले, तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रवपदार्थ दाब पुढे पोहोचवतो, वाफ मात्र स्वतःच दबते. पेडल रिकामे जाते. डब्यातली पातळी बरोबर असते, दिवा विझलेला असतो आणि ब्रेक मात्र लागत नाही. बहुतेक उत्पादक दर दोन वर्षांनी ऑइल बदलण्यास सांगतात ते याचसाठी. विजेवर चालणाऱ्या मोटारी उतारावर मोटरच्या साहाय्याने वेग आवरतात आणि ती ऊर्जा बॅटरीत भरतात, ही मोठी सोय आहे. परंतु लोणावळ्यालाच बॅटरी पूर्ण भरून निघाल्यास ही ऊर्जा ठेवायला जागा नसते आणि घाटाच्या आरंभी नेहमीच्या ब्रेकवरच विसंबावे लागते.

टायरविषयीही दिवा गप्प असतो. काही मोटारींत हवा कमी झाल्याचा पिवळा दिवा असतो, पण झिजेचा नसतो. कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असली पाहिजे. शीव-पनवेल महामार्गावर पाण्याचा थर साचलेला असताना गुळगुळीत टायर त्या थरावर तरंगू लागतो. तोल सांभाळणारी यंत्रणा ज्या पकडीची वाटणी करते ती पकडच तेथे उरत नाही, मग ती दिवा लुकलुकवण्यापलीकडे फारसे काही करू शकत नाही.

जुनी मोटार घेताना

वापरलेली मोटार घेणाऱ्याने रंग आणि गाद्या पाहण्याआधी चावी फिरवून हजेरी घ्यावी. ए.बी.एस.चा, तोलाचा आणि ब्रेकचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर, हँडब्रेक सोडल्यावर, विझला पाहिजे. बिघाड लपवण्यासाठी दिवाच काढून टाकणे, त्यावर काळी पट्टी चिकटवणे किंवा त्याची तार दुसऱ्या दिव्याला जोडून देणे असले प्रकार बाजारात आढळतात. दुसऱ्या दिव्याला जोडलेला दिवा त्याच्याबरोबरच लागतो आणि त्याच्याबरोबरच विझतो. नीट पाहिल्यास ही चोरी पकडता येते. त्यानंतर मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर, मागेपुढे कोणी नाही अशी खात्री करून, ताशी ३०-४० किलोमीटर वेगाला एकदा जोराने ब्रेक दाबून पाहावा. पेडल थरथरले, मोटार सरळ रेषेत थांबली, तर मदतनीस जागा आहे.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावून दोषाचा क्रमांक काढतात. तो क्रमांक बिलावर लिहून मागावा. स्कॅनरने नोंद पुसून टाकली की दिवा विझतो, पण दोष दूर झालेला नसल्यास तो पुन्हा लागतो, आणि अशा वेळी मागचा क्रमांक हाताशी असला तर दुसऱ्या कारागिराचा अर्धा वेळ वाचतो.

मोटारसायकलस्वारांसाठी एक गोष्ट. १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या नव्या दुचाक्यांनाही एप्रिल २०१९ पासून ए.बी.एस. सक्तीचे आहे. मोटारीतला दिवा जागेवरच विझतो. दुचाकीचा मात्र गाडी सुरू करून काही मीटर पुढे गेल्याखेरीज विझत नाही, कारण चाक फिरल्याशिवाय तिच्या सेन्सरची खातरजमा होत नाही. दाराशी उभ्या गाडीवर तो लागलेला दिसला म्हणून गॅरेजला धावण्याचे कारण नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊनही तो जळतच असला, तर मात्र पुढे महामार्ग आहे.